फेरीतला थांबा

सारिका डुबलची पाठ गेली ती ऐन गणवेशांच्या हंगामात. मे महिन्यात सांगलीतल्या निम्म्या शाळांचे शर्ट आणि मुलींचे पिनाफोर तिच्याकडे शिवायला यायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर वाकून वाकून आधी नुसती कळ यायची, मग ती पायात उतरायला लागली, आणि एके दिवशी खाली पडलेलं बटण उचलायला सारिका वाकली ती तशीच राहिली. तिच्या नवऱ्याला, धैर्यशीलला, वाटलं बायको बटण शोधते आहे. तोही वाकून शोधायला लागला. बटण सापडलं, पण बायको काही सरळ होईना.

खरी पंचाईत अक्कांची झाली. अक्का म्हणजे तिच्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं. पण पडण्याची धास्ती अशी बसली की अक्कांनी पलंग सोडलाच नाही. कुशीवर वळायचं झालं तरी त्या सारिकाला हाक मारायच्या. उठवणं, बसवणं, न्हाणीत नेणं, सगळं तिच्याच पाठीवर. धैर्यशील पंपांच्या विक्रीसाठी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असायचा.

पुण्याच्या दिराचा, रणजितचा, फोन आला. "वहिनी, आता हट्ट सोडा. आईला इकडं आणतो. इथं चांगलं केंद्र आहे, उचलायला-ठेवायला यंत्रं आहेत, माणसाची गरजच नाही."

अक्का ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "गरज नाही म्हणतोय. मला लोखंडानं उचललेलं नको गं, सारिके. इथंच राहू दे."

"मी आहे तोवर तुम्हाला कुठं जावं लागणार नाही," सारिका म्हणाली. म्हणून तर गेली, पण त्या क्षणी तिला भिंत धरल्याशिवाय उभंही राहता येत नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

म्हणून ती गावातल्याच मेरू केंद्रात, पाठीच्या दवाखान्यात, गेली.

डॉ. मृण्मयी हेरवाडे तिथे पाठीच्या रोग्यांना बघायच्या. त्यांनी कागदावर दोन मणके काढले आणि मधे एक चपटी गादी. "शरीरात सगळीकडे रक्त घरपोच पाणी आणि अन्न पोचवतं," त्या म्हणाल्या. "या गादीच्या आतवर मात्र रक्तवाहिनी जात नाही. वरच्या-खालच्या हाडांतून जे झिरपेल त्यावर तिनं भागवायचं. पाऊल टेकलं की ती दबते आणि वापरलेलं पाणी बाहेर टाकते. भार सुटला की फुगते आणि ताजं पाणी ओढून घेते. रात्रभर आडवं पडल्यावर ती भरते, म्हणून माणूस सकाळी थोडा उंच असतो."

"म्हणजे चाललं की गादी जेवते."

"अगदी बरोबर."

"आणि दुखतंय म्हणून मी चालत नाही."

"म्हणून ती उपाशी राहते, म्हणून आणखी दुखतं. तुम्ही चालू शकत नाही ना, मग तुमच्या गादीला बसल्या जागी चालवायचं. त्यासाठी हा पट्टा."

पट्टा रुंद, मऊ आणि राखाडी होता. छातीपासून कमरेखालपर्यंत बसायचा. आतल्या हवेच्या बारीक पिशव्या भरायच्या आणि रिकाम्या व्हायच्या, आणि त्याबरोबर पाठीचा कणा चालताना दबावा तसा दबायचा आणि सुटायचा. पहिल्या पट्ट्यांत यंत्राचा एकसारखा ठेका भरला होता. गादीतल्या पेशींनी तो काही दिवस ऐकला आणि मग दुर्लक्ष केलं. घराशेजारून रोज जाणाऱ्या ट्रकच्या आवाजाची आपल्याला सवय होते ना, तसंच. त्यांना हवं होतं जिवंत माणसाचं चालणं, त्यातल्या बारीकसारीक कमीजास्तीसकट. मग केंद्रानं धडधाकट पाठीच्या माणसाचा शोध घेतला, आणि कृष्णाकाठच्या मळवाडीत अनुसयाबाई खोत सापडल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आणि मणक्यातल्या गाद्या कॉलेजातल्या पोरीसारख्या. पाठीवर पातळ चकत्या चिकटवून महिनाभर त्यांचं चालणं टिपून घेतलं आणि तेच सगळ्या पट्ट्यांत भरलं. तीन जिल्ह्यांतली काही हजार माणसं आता खुर्चीत बसून अनुसयाबाईंच्या पावलांनी चालत होती.

दुपारी पट्टा बांधून सारिका मशीनवर बसायची. हात कॉलर लावत असायचे आणि पाठ कुठंतरी अनवाणी चालत असायची. दाब, सुटका, दाब, सुटका. काही वेळानं हे सगळं थांबायचं. पट्टा अगदी निपचित व्हायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, बिघडला. पण थोड्या वेळानं कमरेवर, मणक्याच्या जरा बाजूला, कुणीतरी हळूच हात टेकवल्यासारखं व्हायचं आणि चालणं पुन्हा सुरू व्हायचं. पट्ट्याचा कुठलातरी भाग असेल म्हणून तिनं सोडून दिलं. खरं सांगायचं तर तिला तो स्पर्श आवडायला लागला होता. कुणीतरी सोबत आहे असं वाटायचं.

दिवाळीपर्यंत तिची पाठ सुधारली. केंद्रातल्या तपासणीत गाद्यांमध्ये पाणी वाढलेलं दिसलं. तिला ते चित्र बघायची गरज नव्हती. तिनं अक्कांच्या काखेत हात घालून त्यांना एका दमात उठवून बसवलं, त्यातच सगळं आलं.

"काय गं, माझं वजन कमी झालं का काय?" अक्का म्हणाल्या.

"वजन तेवढंच आहे. तोंडाचं वेगळं धरावं लागेल."

दोघी खूप दिवसांनी हसल्या. रणजितला सारिकानं स्वतः फोन करून सांगितलं, अक्का कुठंही जाणार नाहीत.

पुढचं लक्षात यायला वेळ लागला. कापड बेतायचं मोठं टेबल खोलीच्या मधे होतं. सारिका त्याच्याभोवती फिरायची, आणि नेहमी एकाच बाजूनं, उजवा हात टेबलाकडे ठेवून. भाजी मंडईत सरळ चालताना ती उजवीकडे सरकत सरकत कुणाच्या तरी पाटीत पाय घालायची. धैर्यशील म्हणाला, "तुझं अलायमेंट गेलंय." तिलाही हसू आलं. लक्ष देऊन चाललं की पाय सरळ पडायचे. लक्ष दुसरीकडे गेलं की वळायचे.

अक्कांचा पलंग दोन्ही बाजूंनी जाता यावं म्हणून खोलीच्या मधोमध ठेवला होता. एका संध्याकाळी दिवा लावून सारिका त्यांची चादर नीट करत होती.

"सारिके, मघापासनं माझ्याभोवती का फिरायलीस गं?"

"कुठं फिरते? चादर खोचतेय."

"चादर कवाच खोचून झाली. उजवा हात माझ्याकडं ठेवून फिरायलीस, म्हणजे देवच केलंस की मला. नारळ कुठाय?"

सारिका ओशाळून थांबली. पण पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच झालं, आणि या वेळी अक्कांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"फिरतेस तर फिर बाई. पण दर फेरीला पायथ्याशी थांबून मागं कुणाला बघतेस?"

"मी? मी कुठं थांबले?"

"थांबलीस की. मान डाव्या खांद्यावरनं मागं वळवलीस आणि उभी राहिलीस. मी दोनदा हाक मारली. ऐकलं न्हाईस."

सारिकाला त्या हाका आठवत नव्हत्या. एवढंच आठवत होतं, की कुणीतरी कमरेवर हात ठेवला आणि ती निघाली. पट्टा तर दुपारीच काढून खुंटीला अडकवला होता.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी घराजवळच्या मैदानावर गेली. मोकळ्या जागेत चालून बघावं, पाय सरळ पडतात का, असा तिचा विचार होता. मैदानाच्या मधे झेंड्याचा ओटा होता. त्याच्याभोवती साठेक माणसं चालत होती. रिटायर मास्तर, एसटीचे ड्रायव्हर, साड्या सावरत चालणाऱ्या बायका. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळे उजवा हात ओट्याकडे ठेवून चालत होते आणि सगळ्यांची पावलं बरोबर पडत होती. पोरांनी क्रिकेट थांबवून स्टंप गोळा केले होते आणि ती कडेला उभी राहून बघत होती.

मग सगळे एकदम थांबले. साठ माना डाव्या खांद्यावरून मागे वळल्या. बराच वेळ कुणी हललं नाही. मागून कुणी येत असावं आणि त्याची वाट बघावी, तसे सगळे मागे बघत उभे होते, आणि मागे तर कुणीच नव्हतं. मग एकाच वेळी सगळे निघाले.

आपली मानही मागे वळली होती, आणि आपणही ओट्याजवळ, त्या गोलात उभ्या होतो, हे सारिकाला निघाल्यावर कळलं. ती घाबरली. चपला हातात घेऊन पळतच घरी आली.

डॉ. हेरवाडे तिला भेटल्या तेव्हा त्यांचे डोळे तांबारले होते. तिच्याआधी हेच सांगायला बरेच जण येऊन गेले होते.

"चूक आमची आहे," त्यांनी सरळ सांगितलं. "रोज ठरल्या वेळेला, अनवाणी, न चुकता चालणारी म्हातारी माणसं कुठं मिळतील? देवळात. मळवाडीला दत्ताच्या देवळात उंबराचं झाड आहे. अनुसयाबाई आयुष्यभर त्याला प्रदक्षिणा घालत आल्या आहेत. आम्ही तेच टिपलं. सारिकाताई, आमच्यात वीस माणसं होती, सगळी इथलीच. ती बाई सतत एकाच बाजूला वळते आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. उजवा हात आत ठेवून फिरणं आपल्याला वळणं वाटतच नाही. बाहेरचा कुणी असता तर पहिल्या दिवशी म्हणाला असता."

"आणि ते थांबणं?"

"ते काढता येत नाही. औषध तिथंच आहे. भार थांबला की गादी पाणी ओढते. बाकीच्या काहींचं चालणंही भरून बघितलं, पण त्यात असा थांबा नाही, म्हणून त्यानं गुण येत नाही."

"आणि तो हात?"

"थांब्याच्या शेवटी कमरेवर हलका दाब पडलेला दिसतो, प्रत्येक फेरीत. तो पायांकडून आलेला नाही, बाहेरून आलेला आहे. चकती सैल असेल, असं आम्ही धरलंय. नव्या आवृत्तीत तो पुसून टाकतोय." आणि मग त्यांनी नव्या आवृत्तीचं सांगितलं. वळलेल्या पाठी सरळ व्हायला हव्यात, म्हणून तेच चालणं आरशात धरल्यासारखं उलटं करायचं. काही महिने उलट्या बाजूनं. सोमवारपासून सगळ्या पट्ट्यांत आपोआप तेच येणार होतं.

"उलट्या फेऱ्या," सारिका म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर खोलीच्या मधला पलंग आला. डावा हात आत ठेवून माणूस कुणाभोवती फिरतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खांद्यावर मडकं घेऊन सासऱ्यांच्या चितेभोवती तसं फिरलेला धैर्यशील तिनं पाहिला होता.

"नको असेल तर पट्टा परत करू शकता," डॉक्टर म्हणाल्या. "पण मग पाठ पुन्हा पूर्वीसारखी दुखायला लागेल. चार-सहा महिन्यांत."

रविवारी सारिका मळवाडीला गेली. जिचं चालणं आपण चालतो आहोत तिला एकदा बघावं, एवढंच तिच्या मनात होतं. उंबराचा पार नदीच्या बाजूला होता आणि अनुसयाबाई फेऱ्या घालत होत्या. बुटक्या, सडपातळ, पाठ ताठ. सारिका नुसती बघत उभी राहिली, तरी तिची पाठ आतून दबत आणि सुटत होती.

नदीकडच्या कोपऱ्यावर अनुसयाबाई थांबल्या आणि मागे वळून बघायला लागल्या. जरा वेळानं निघाल्या. फेऱ्या झाल्यावर पारावर बसल्या तेव्हा सारिका जवळ गेली.

"आजी, त्या कोपऱ्यावर कुणासाठी थांबता?"

"हौसासाठी," म्हातारी म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय, असाच तिचा सूर होता. "आमी दोगी लगीन होऊन एकाच वर्षी या गावात आलो. तवापासनं संगं फेऱ्या घालतोय. तिची कंबर लई दुकायची. म्होरं म्होरं अर्दी फेरी मागं पडायची. मग मी त्या कोपऱ्याला थांबायची. ती यायची, माज्या कंबरंवर हात टेकायची, म्हणायची, 'चल'. मग आमी निगायचो."

"आता कुठं असतात त्या?"

"जाऊन लई वरसं झाली." अनुसयाबाईंनी उंबराकडे बघून हात जोडले. "पर थांबाया तर लागतंयच की. ती पोचल्याबिगार माजा पाय हलतोय व्हय?"

"पोचतात त्या?" सारिकानं विचारलं.

"कदी उशिरा पोचती. कंबर दुकती न्हवं तिची." म्हातारीनं सारिकाचा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "शिवणकाम करतीस? बोटं जपत जा. हौसाचं एक बोट कडबा कापायच्या मशीनमदी गेलं. करंगळी. चारच बोटं टेकत्यात, पर मला कळतंया, तीच हाय."

घरी आल्यावर सारिकानं अक्कांना हौसासाठीच्या थांब्याची गोष्ट सांगितली. उलट्या फेऱ्यांचंही सांगितलं.

"म्हणजे उद्यापासनं मी मढं," अक्का म्हणाल्या.

"मी पट्टा परत करते अक्का."

"आणि मग मला उठवणार कोण? रणजितचं लोखंड?"

"काहीतरी करू."

"काही करू नकोस." अक्का म्हणाल्या. "मला भ्या वाटतंय, खोटं कशाला सांगू. उलटं फिरायचं आणि वर मागं वळून बघायचं. स्मशानातनं येताना सुद्धा कुणी मागं वळून बघत न्हाई गं. पण पुण्याला जायचं मला त्याच्यापेक्षा जास्त भ्या वाटतंय. तू फिर. मी डोळे मिटून पडीन. जिवंत माणसाभोवती फिरलं म्हणून कुणी मरत न्हाई."

सारिका त्यांच्या उशाशी बसून रडली. अक्कांनी तिला रडू दिलं.

नवी आवृत्ती आली. आठवडाभर काही जाणवलं नाही. पट्टा चालायचा, थांबायचा, आणि थांब्यानंतर कुणी हात न लावताच पुन्हा चालायला लागायचा. सारिकाला चुकल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू तिची पावलं डावीकडे वळायला लागली. संध्याकाळी दिवा लावून ती अक्कांच्या खोलीत येई, आणि अक्का भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेत.

त्या संध्याकाळी धैर्यशील जतला गेला होता. गॅसवर दूध ठेवून सारिका आत आली. डावा हात पलंगाकडे ठेवून तिची फेरी सुरू झाली. पायथ्याशी येऊन ती थांबली. मान उजव्या खांद्यावरून मागे वळली. मागे दार होतं, दाराबाहेर रिकामा व्हरांडा.

हात आला नाही.

तिला वाटलं, येईल. तिनं पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला जाईना. दुखत नव्हतं, जड झालं नव्हतं, नुसतं पायाला निघायचं नव्हतं. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. गॅस फसफसून विझला आणि त्याचाही वास यायला लागला. टेबलावर फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. सारिकाला सगळं ऐकू येत होतं. तिला हाक मारायची होती, पण तोंडही फुटत नव्हतं. ती व्हरांड्याकडे बघत राहिली.

"सारिके," अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "सारिके, गॅस." मग त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवून पाहिलं.

मागून सारिकाला आवाज ऐकू आला. पलंग करकरला. मग कापड ओढल्याचा आवाज, मग कण्हणं. अक्का सरकत होत्या. दोन वर्षं जी बाई कुशीवर स्वतःहून वळली नव्हती ती कोपरांवर जोर देत, थांबत, देवाला आणि सुनेला शिव्या घालत पायथ्याकडे येत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी सारिकाच्या कमरेवर एक हात टेकला. घामेजलेला हात.

"आले बाई मी," अक्का म्हणाल्या. "चल."

पाय हलला. सारिका धावत गेली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि परत येऊन अक्कांच्या गळ्यात पडली. फोन पुन्हा वाजला. डॉ. हेरवाडे होत्या.

"सारिकाताई, तुम्ही बऱ्या आहात ना? मी मैदानावर आहे. सगळे उभे राहिलेत. डोळे उघडे आहेत, माना मागं आहेत. हलवलं तर पडतात आणि पडूनही मागंच बघतात. कोल्हापूरहून, साताऱ्याहून फोन येतायत. काय करू मी?"

"कमरेवर हात ठेवा त्यांच्या," सारिका म्हणाली. "आणि 'चल' म्हणा."

"एवढंच?"

"त्यांच्या घरच्यांना बोलवा. त्यांनी ठेवला तर बरं. पण कुणीतरी ठेवा. त्यांना वाटतंय कुणीतरी मागं राहिलंय."

पलीकडे बराच वेळ नुसती माणसांची धावपळ ऐकू आली. मग कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, "निघाले. एक जण निघाले."

दुसऱ्याच दिवशी केंद्रानं सगळे पट्टे बंद केले. हात पुसून टाकलेली ती आवृत्ती काढून घेतली. महिनाभर चौकशी झाली, वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि मग शरीराला त्या स्पर्शाची सवय लागली होती असं स्पष्टीकरण देऊन पट्टे पुन्हा सुरू झाले, त्या हातासकट. एक आठवडा सुलट, एक आठवडा उलट. सारिकाचं चालणं बरंचसं सरळ झालं. पण संध्याकाळच्या फेऱ्या काही सुटल्या नाहीत आणि आता त्या सोडाव्यात असं दोघींपैकी कुणालाही वाटत नव्हतं. अक्का त्या वेळी स्वतःहून सरकून पायथ्याशी येऊन बसायच्या. रोज सरकून त्यांच्या अंगात थोडं बळ आलं होतं. पट्ट्यात हात परत आला तरी त्या आपला हात ठेवायच्याच. म्हणायच्या, यंत्राचं काय खरं आहे.

फाल्गुनात एकदा दिवेलागणीला सारिका अशीच फिरत होती. पट्टा भिंतीवर खुंटीला होता. उलटा आठवडा होता. ती पायथ्याशी थांबली आणि तिनं मागे पाहिलं. अक्कांनी हात पुढे केला.

आणि तो झटकन मागे घेतला.

"काय झालं?" सारिकाला विचारायचं होतं, पण थांब्यात तिला बोलता येत नसे.

अक्कांनी पुन्हा हात पुढे केला, हळूहळू, चाचपडत. सारिकाला कमरेवर आधीच एक हात जाणवत होता. अक्कांचा हात त्याच्यावर येऊन टेकला.

"इथं कुणाचा तरी हात हाय गं," अक्का अगदी हळू म्हणाल्या. त्यांची बोटं एकेक करून चाचपत गेली. "लई खरखरीत हाय. आणि चारच बोटं हायत."

सारिकानं करंगळीचं अक्कांना कधीच सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भीती वाटत होती, आणि भीतीच्या मागे आणखी काहीतरी होतं, त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. पाय अजून हलला नव्हता. व्हरांडा रिकामा होता.

तिच्या पाठीमागे पलंग करकरला. अक्का स्वतःच्या बळावर पलीकडच्या कडेला सरकत होत्या. त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेवरची चादर हातानं सारखी केली.

"दमली असशील," त्या म्हणाल्या. "बस जरा."